नसबंदी, निकाह आणि माझं मौन



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘पुरुषाची नसबंदी’ असं म्हणालो. फोनवर थोडा वेळ कुणी बोललंच नाही. म्हणून तर बोलायला आलोय.

दोन मुलं झाल्यावर मी नसबंदी करून घेतली. बायकोची दोन्ही सिझेरियन झालेली. तिचं पोट पुन्हा उघडायला नको, एवढाच हिशेब. अम्मीला सांगितलं नाही. आणीबाणीत, १९७६-७७ साली, देशात साठ लाखांहून जास्त पुरुषांची नसबंदी झाली, कित्येकांची जबरदस्तीने. आमच्या मोहल्ल्यात त्या शब्दाची दहशत अजून आहे.

पुढे ती आजारपणात गेली. नसबंदीला दहा वर्षं झाली असताना माझा दुसरा निकाह झाला. नव्या बायकोलाही मी काही सांगितलं नाही. वर्षभर तिला दर्ग्यावर नेलं, तिची सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. मी रिक्षाचं भाडं देत होतो आणि गप्प होतो. एका रात्री सांगून टाकलं. ती म्हणाली, “मुलाचं नंतर बघू. माझ्या तपासण्या तुम्ही का होऊ दिल्यात?” याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

मग दोघं मिळून डॉक्टरांकडे गेलो. नसबंदीत शुक्राणू वाहून नेणाऱ्या दोन नळ्या कापून बंद करतात. मर्दानगी जागेवरच राहते. त्या पुन्हा जोडताना सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने टाके घालतात. डॉक्टरांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे आकडे सांगितले. नसबंदीनंतर तीन वर्षांच्या आत जोडणी केली तेव्हा ९७ टक्के पुरुषांमध्ये शुक्राणू परत दिसले आणि ७६ टक्के जोडप्यांत गर्भ राहिला. ९ ते १४ वर्षांनी केली तेव्हा हेच आकडे ७९ आणि ४४ होते. बायकोचं वयही धरावं लागतं.

शस्त्रक्रियेला तीन तास लागले. दोन दिवस बर्फ लावला. काही आठवडे घट्ट लंगोट. जड उचलणं, मोटरसायकल आणि संबंध बंद. पहिल्या रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य. सहाव्या महिन्यात दिसले. मूल अजून नाही. पण अम्मीला मी सगळं सांगितलंय. आता ती सुनेला नवस करायला लावत नाही.

तरुणांनो, नसबंदी कायमची समजूनच करा; जोडणीची खात्री कुणी देत नाही. पण भीतीपोटी हे ओझं बाईवर ढकलूही नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३७.९ टक्के जोडप्यांत बाईचं ऑपरेशन झालेलं होतं, पुरुषाचं फक्त ०.३ टक्के जोडप्यांत.

आणि निकाहात ‘कबूल’ म्हणण्याआधी आपल्या शरीराची हकीकत जोडीदाराला सांगा. मूल होत नसेल तर पहिली तपासणी स्वतःची करा. वीर्याची तपासणी सोपी आहे, स्वस्तही आहे. मी ती वर्षभर टाळली, आणि त्याची किंमत माझ्या बायकोने मोजली.