एका पायावर तयार

(3 डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिनानिमित्त झालेल्या हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



महिन्यापूर्वी सेक्रेटरीसाहेबांचा फोन आला. "दिव्यांग दिनाला चार शब्द बोलाल का?" मी म्हटलं, "बोलेन की. एका पायावर तयार आहे!" पलीकडे एकदम शांतता. हसावं की क्षमा मागावी, हेच त्यांना कळेना. शेवटी म्हणाले, "देव आपल्याला बळ देवो." म्हणून आज सुरुवातीलाच सांगून टाकतो. माझ्या पायावर हसायला इथं सगळ्यांना परवानगी आहे. अर्पणाची थैली नंतर फिरेल, पण ते हसण्याचे पैसे नाहीत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1999 साली मी वीस वर्षांचा होतो. अक्कलकुव्याहून मोलगीला निघालेल्या जीपमध्ये बसायला जागा नव्हती, म्हणून मागे लटकलो. देवगोई घाटात जीप कलंडली आणि डावा पाय तिच्याखाली आला. तो पोटरीखालून काढावा लागला.

मग भेटायला माणसं येऊ लागली. मराठी भाषा किती पायांवर उभी आहे, ते मला खाटेवर पडल्या पडल्या समजलं. एक काका म्हणाले, "घाबरू नकोस, तुला स्वतःच्या पायावर..." आणि त्यांनी जीभ चावली. दुसरे म्हणाले, "आता पुढचं पाऊल जपून..." आणि खिडकीबाहेर बघू लागले. पाय माझा गेला होता, पण अडखळून पडत होते ते. हळूहळू लोक यायचे कमी झाले. माझा कुणालाच कंटाळा नव्हता. काय बोलावं हेच त्यांना सुचत नव्हतं.

माझी आई रोज डबा घेऊन यायची, पण पायाकडे बघायची नाही. एक दिवस रडत म्हणाली, "डॉक्टरांकडं दुसरा काही उपायच नव्हता रे." माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, आता मला उपायच मिळणार. एक मुख्य पाय आणि एक उप-पाय. मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री असतात ना, तसं." आई रडता रडता हसली. पदरानं डोळे पुसले आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिनं माझ्या पट्टीला हात लावला. हे लक्षात ठेवा. या शब्दाकडे मी पुन्हा येणार आहे.

माझा उप-पाय म्हणजे जयपूर फूट. 1960 च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात तो घडला. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. पी. के. सेठी हे अस्थिशल्यविशारद अशा दोघांचं ते काम. पुढं 1981 साली डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. विलायती कृत्रिम पायाला बूट लागायचा आणि मांडी घालून बसता यायचं नाही. जयपूरचा हा रबरी पाय अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, भाताच्या चिखलात उतरतो. आमच्या सातपुड्यात बूट घालून कोण कुठं जाणार? आपल्या जमिनीवर, आपल्या बसण्या-उठण्यावर ज्यांनी विचार केला, त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

या पायाचा आणखी एक गुण आहे. तुम्हा सर्वांना कंटाळवाण्या सभेतून काढता पाय घ्यावा लागतो. माझा पाय मुळातच काढता आहे. रात्री तो काढून खाटेखाली ठेवतो आणि सकाळी उठून पुन्हा 'काढता पाय' घेतो.

पुढं अपंगत्वाचा दाखला काढायला गेलो. तो कक्ष दुसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. माणसानं आपली पायरी ओळखून राहावं म्हणतात. मी त्या दिवशी एकेक करून चव्वेचाळीस पायऱ्या ओळखल्या. पण दाखला हातात आला आणि सगळा शीण गेला. साठ टक्के! दहावीत मला बावन्न टक्के होते. आयुष्यातला पहिला फर्स्ट क्लास मला पाय गेल्यावर मिळाला. हल्ली या कामासाठी 'स्वावलंबन कार्ड' निघतं. नाव छान आहे. मात्र डोंगरातल्या पाड्यावरून ते काढायला जायचं तर एकानं उचलावं लागतं, एकानं कागद धरावे लागतात आणि एकाला त्या दिवसाची मजुरी बुडवावी लागते. स्वावलंबनासाठी तीन माणसं!

शब्दही बदलत आले. अपंग झालं, विकलांग झालं, आता दिव्यांग आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात एकवीस झाले. ही चांगली गोष्ट आहे, कारण पूर्वी ज्यांची गणतीच नव्हती तेही आत आले. एका पाड्यावर मी हा नवा शब्द समजावून सांगत होतो. एक म्हातारी आजी शांतपणे ऐकून म्हणाली, "दिव्यांग राहू दे बाबा. आमच्या पाड्यावर दिवा कधी येणार, ते आधी सांग."

कुणी म्हणेल, देवाच्या मंदिरात ही कसली थट्टा? मी दोन वर्षं ईश्वरविज्ञानाची पदविका केली, त्यात एक गोष्ट मनात घर करून राहिली. इसहाक या इब्री नावाचा अर्थ हसण्याशी जोडलेला आहे आणि याकोब हे नाव टाचेशी. हास्याच्या पोटी टाच जन्माला आली! जन्मताना भावाची टाच धरून आला तो याकोब, आणि याब्बोक नदीच्या काठी रात्रभर झुंजून सकाळी निघाला तेव्हा लंगडत निघाला. टाचेच्या नावाचा माणूस लंगडत चालला, आणि त्याच पहाटे आशीर्वाद आणि नवं नाव घेऊन चालला. पवित्र शास्त्र लिहिणाऱ्यांना शब्दांची गंमत कळत होती आणि लंगडण्याची त्यांना लाज नव्हती.

एवढं सगळं मी हुशारीनं सांगतो. माझा पायही सहसा घसरत नाही, रबराला पकड चांगली असते. घसरली ती जीभ. आता ती गोष्ट सांगतो.

आमच्या वसतिगृहात एक मुलगी होती, चौदा वर्षांची. तिचा एक पाय जन्मापासून आत वळलेला, पावलाच्या कडेवर टेकून चालायची. वार्षिक कार्यक्रमात मुलींची लंगडीची स्पर्धा होती. ती गुण लिहायला बसली होती आणि माईक माझ्या हातात होता. पालक जमले होते, मी रंगात आलो होतो. म्हणालो, "आमच्या गुणलेखिकेला खेळायला सांगू नका बरं, तिचं पाऊल वाकडं पडतं!"

सगळे हसले. मुलीच्या बाबतीत या शब्दांचा दुसरा अर्थ काय होतो, हे तुम्हाला सांगायला नको. मला तो तेव्हा सुचला नाही. बाहेर उभ्या असलेल्या पोरांना मात्र बरोबर सुचला. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी गेली आणि परत आली नाही. तिच्या वडिलांना विचारलं तर म्हणाले, "तिचं मन नाही." शेवटी तिची मैत्रीण म्हणाली, "सर, तुम्ही माईकवर बोललात ना. तेव्हापासून बाजारात पोरं तिला तेच म्हणतात."

त्या रात्री मला झोप लागली नाही. स्वतःच्या पायावर मी इतकी वर्षं हसलो, आणि दुसऱ्याच्या पायावरही तोच हक्क आहे असं मला वाटलं होतं.

दोन दिवसांनी निघालो. रस्ता संपल्यावर दोन तासांची वाट होती, उतरणीची. उतारावर माझ्या पायाला जास्त त्रास होतो, पोचेपर्यंत फोड आला होता. ती झोपडीतून बाहेर आली नाही. मी अंगणात बसून कुडाकडे तोंड करून म्हणालो, "मी चुकलो. माझ्या पायावर मी बोलेन. तुझ्या पायावर बोलायचा मला अधिकार नव्हता." आतून काही उत्तर आलं नाही.

तिच्या आजीनं पाणी दिलं. मी फोड बघायला पाय काढून बाजूला ठेवला. आजीनं तो उचलला, दाबून बघितला आणि खुदकन हसली. मग ती माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आमच्याकडं आणखी एक आहे." सुनेला हाक मारली. झोळीत फडक्यात घट्ट गुंडाळलेलं वीस दिवसांचं बाळ होतं, त्या मुलीच्या भावाचं. दोन्ही पावलं आत वळलेली. ग्रहण लागलं म्हणून असं झालं, आता काय करणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. ते कुणाला दिसू नये म्हणून बाळाचं फडकं सुटत नव्हतं.

बंधुभगिनींनो, याला ग्रहण कारण नाही आणि आईची काही चूक नाही. यावर इलाज आहे. डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी अमेरिकेत बसवलेली पद्धत आज आपल्याकडेही वापरतात. बाळ काही आठवड्यांचं असताना पाऊल हातानं हळूहळू वळवायचं आणि प्लास्टर घालायचं. दर आठवड्याला नवं प्लास्टर, साधारण पाच-सहा वेळा. बहुतेक बाळांना शेवटी टाचेमागची शीर किंचित सैल करावी लागते, तिथं छोटासा छेद देतात. मग पट्टीनं जोडलेले बूट, आधी जवळजवळ दिवसरात्र आणि पुढं चार वर्षांचं होईपर्यंत झोपेत. बूट कंटाळून सोडले तर पाऊल पुन्हा वळतं. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या आजाराचा समावेश आहे. म्हणजे इलाज होता. फक्त फडकं सोडून बघणारं कुणी हवं होतं.

बाळाच्या आईला मराठी येत नव्हतं. दवाखान्यात दुभाषी कोण होणार? ती मुलगी झाली. सहा आठवडे आम्ही जीपनं गेलो. यावेळी आत बसून! ती डॉक्टरांशी बोलायची, वहिनीशी बोलायची, माझ्याशी नाही. टाचेची शीर सैल केली त्या दिवशी परतताना बाळ झोपलं होतं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सर, माझ्या वेळेला असं कुणी आलं असतं तर?"

माझ्याकडे कोटी नव्हती. मी नुसता बसून राहिलो.

जूनमध्ये ती वसतिगृहात परत आली. मोठ्या वयात मोठी शस्त्रक्रिया करता येते, तीही आम्ही विचारली. तिनं नको म्हटलं, तो तिचा निर्णय. बाळ आता शाळेत जातं आणि मास्तरांच्या हाताला लागत नाही इतकं पळतं.

मी मागे म्हटलं होतं, उपाय या शब्दाकडे पुन्हा येईन. संस्कृत जाणणाऱ्या एका निवृत्त गुरुजींना मी माझी 'उप-पाय' ही कोटी ऐकवली. ते हसले आणि म्हणाले, "पायाचा संबंध नाही त्यात. उप म्हणजे जवळ, अय म्हणजे जाणं. उपाय म्हणजे जवळ जाणं." मी विचारलं, "मग अपाय?" म्हणाले, "अप म्हणजे दूर. अपाय म्हणजे दूर जाणं."

माझी कोटी व्याकरणात नापास झाली, पण मला माझ्या आयुष्याचा हिशेब मिळाला. ज्या विनोदानं आईचा हात माझ्या पट्टीवर आला, तो उपाय. ज्या विनोदानं एक मुलगी शाळेपासून दूर गेली, तो अपाय. शब्द तेच, तोंडही तेच.

म्हणून आपल्याकडे माझी मागणी साधी आहे. आपल्या मंडळीत कुणी लंगडत येत असेल, तर त्याचं दुःख बघून लांबून उसासा टाकू नका. शेजारी बसा. तो स्वतःवर हसला तर मोकळेपणी हसा, पण पहिली कोटी त्याला करू द्या. आपल्या चर्चच्या दाराला चार पायऱ्या असतील, तर बाजूला उतार बांधा. आणि पाड्यावर, वस्तीत, नात्यात बाळ जन्मलं की त्याचं तोंड कुणासारखं आहे हे बघून झाल्यावर एकदा त्याचे पायही बघा.

त्या मुलीचं नाव मी सांगितलं नाही. ती आज आमच्याच वसतिगृहात मुलींची देखरेख करते आणि आत्ता या सभागृहात मागच्या बाजूला बसली आहे. ही गोष्ट सांगू का, असं मी तिला आधी विचारलं होतं. ती म्हणाली, "सांगा सर. पण नीट सांगा. पाऊल माझं वाकडं आहे, तुम्ही वाकडं बोलू नका."

माझ्यापेक्षा चांगली कोटी आहे. आता मी काढता पाय घेतो. सलाम.