गच्चीची परीक्षा

परळच्या चाळींवर कोठें मंगलोरी कौलांचें उतरतें छप्पर असतें, तर कोठें सिमेंटची सपाट गच्ची. लोअर परळमधील बी. डी. डी. चाळी १९२० नंतर उभ्या राहिल्या, त्या दुसऱ्या प्रकारच्या.

कौलारू छपराचें दुखणें उघड असतें. कौल फुटलें कीं खालीं ठिबकतें. गच्चीचें दुखणें आंतल्या आंत वाढतें. समुद्र जवळ. त्याच्या हवेंतील क्षार पाण्याबरोबर बारीक भेगांतून लोखंडी सळईपर्यंत पोहोंचतात. गंजलेली सळई फुगते आणि भोंवतालचें काँक्रीट फोडते. मग एके रात्रीं छताचा पोपडा निजलेल्या मुलाच्या अंथरुणावर येऊन पडतो.

म्हणून पाहणी करणाऱ्यानें नुसती गच्चीवर फेरी मारून उतरूं नये. खालच्या खोलींतील छत हातोडीनें हलकेंच ठोकून पाहावें. पोकळ आवाज आला तर तेथें गिलावा सुटला असें समजावें. कठड्याचा सांधा आणि पाण्याच्या टाकीचा पाया हीं स्थळें विशेष पाहावीं. डांबराचा ताजा थर दिसल्यास संशय अधिकच घ्यावा. डांबर भेग बुजवितें, गंज थांबवीत नाहीं.

उपकरप्राप्त चाळींची पाहणी म्हाडाचें दुरुस्ती मंडळ दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं करितें. तरी बिऱ्हाडकरूंचा तंटा उरतोच. गळती वरच्या मजल्याची, गच्ची सर्वांची. तळमजल्याचा भाडेकरू वर्गणी देतांना कुरकुरतो! त्याला एकदां वर नेऊन ती उघडी पडलेली सळई दाखवावी. आणि ओल उमटते तेथें पावसांतच पेन्सिलीनें खूण करून ठेवावी. मे महिन्यांत सारींच छतें निरोगी दिसतात.