पट चौघांचा, माणसं पाच

बचत गटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, कर्ज हेच बोलत असतो. आज जरा घरातलं बोलू या. २०२० साली लॉकडाऊन लागला, तेव्हा आमच्या घरात काय चाललं होतं ते सांगणार आहोत.

आमचे हे पुण्याकडे एका कंपनीत कामाला. महिन्यातून दोन दिवस घरी यायचे. २२ मार्चला जनता कर्फ्यू होता, त्याच्या आदल्या दिवशी हे गावी आले. चार दिवसांत सगळं बंद झालं आणि गावाच्या वेशीवर बाभळीच्या काट्या पडल्या. पहिले चौदा दिवस हे मळ्यातल्या शेडात राहिले. आम्ही डबा बांधावर ठेवायचा, लांब सरायचं, मग ह्यांनी उचलायचा. लग्नाला बारा वर्षं झाली होती. पण लांब बसून का होईना, इतकं बोलणं आमचं कधी झालं नव्हतं.

मग हे घरी आले. शाळा बंद, कंपनी बंद. टीव्हीवर रामायण पुन्हा लागलं होतं. सकाळी नऊला एकदा, रात्री नऊला एकदा सगळे टीव्हीपुढे. दुपारी सासूबाईंनी ओसरीवर खडूनं चल्लस आठचा पट आखला. पाच उभी घरं, पाच आडवी. चिंचोके दगडावर घासून दोन फाका केल्या. चारही पांढरे पडले की चार, चारही काळे पडले की आठ. सासूबाई, हे आणि दोन्ही पोरं खेळायला बसले. हसणं-ओरडणं गल्लीपर्यंत जायचं.

आणि आम्ही? आम्ही चुलीपाशी. सगळे घरी म्हणजे खाणं तीनदा, चहा पाचदा, भांडी ढीगभर. सगळ्यांना सुट्टी होती, आमचं काम तेवढं दुप्पट झालं होतं. हे हाक मारायचे, "अगं, ये की बघायला." आम्ही म्हणायचो, "भाकरी कोण थापणार?" बोलणं तिथंच संपायचं. मनात राग साठत होता, पण तोंडातून निघत नव्हता.

एकदा धाकटीनं सहज विचारलं, "आजी, पट चौघांचा आणि माणसं पाच. आई कुठं बसणार?" कुणीच काही बोललं नाही. त्या रात्री हे उठले आणि मागच्या अंगणात भांडी घासायला बसले. अंधारात बरं का, शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून! सासूबाई म्हणाल्या, "बाप्या माणसानं भांडी घासायची?" हे म्हणाले, "आई, पुण्यात खोलीवर कोण घासतंय माझी?"

झालं. तेव्हापासून घरात नियम झाला. सगळ्यांची कामं उरकल्याशिवाय डाव मांडायचा नाही. पोरगा पाणी भरायला लागला, पोरगी धान्य निवडायला. आणि आम्ही दोघांनी मिळून पटावरची एक बाजू घेतली. चिंचोके एकानं टाकायचे, सोंगटी दुसऱ्यानं चालवायची.

असंच एका रात्री पोरं झोपल्यावर पट पुसताना हे हळूच म्हणाले, "एप्रिलचा पगार आला नाही. मेचाही येईल असं दिसत नाही." महिनाभर हे मनातच ठेवून होते. आम्ही वही काढली. मोटारसायकलचा हप्ता तीन महिने माफ झाला असं ह्यांना वाटत होतं. आम्ही गटाचं काम करतो म्हणून आम्हाला माहीत होतं, की रिझर्व्ह बँकेनं हप्ता पुढं ढकलायची सवलत दिली होती, माफी नाही. हप्ता थांबला तरी व्याज चालूच राहणार होतं.

तेव्हा आमच्या गटाला ग्रामपंचायतीचं मास्क शिवायचं काम मिळालं होतं. हे कापड कापायला बसले, आम्ही मशीनवर. जनधन खात्यावर महिन्याला ५०० रुपये तीन महिने आले, रेशनवर फुकटचा तांदूळ मिळाला. मास्कच्या पैशातून व्याजापुरते पैसे भरत गेलो. बायकोच्या कमाईवर घर चालतंय, हे ह्यांना जड गेलं. दोन दिवस नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आपणच कात्री घेऊन बसले.

सख्यांनो, सगळ्याच घरांत असं झालं नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. काही घरांची दारं बंद झाली आणि आत बाईचे हाल वाढले. आमच्याही घरात सगळं टिकलं नाही. हे परत कामावर गेले, पोरगा पाणी भरायचं विसरला, त्याला पुन्हा सांगावं लागतं. पण दोन गोष्टी टिकल्या. हे घरी आले की भांडी हेच घासतात, तेही उजेडात. आणि पगाराच्या दिवशी वही आम्ही दोघं मिळून उघडतो.

पुढच्या बैठकीला येताना एवढंच बघून या. तुमच्या घरी डाव मांडला, टीव्ही लागला, गप्पा रंगल्या, तर त्या वेळी चुलीपाशी कोण असतं? आणि घरावर कर्ज किती आहे, हे दोघांनाही माहीत आहे का? यावर बोलू.