पऱ्हाटीचं गोत

वर्धा जिल्ह्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कुणाला दाखवायची गरज नाही. हिंगणघाटचा कापूस तर इंग्रजांच्या काळापासून नावाजलेला. पण आपला सगळा जीव बोंडात. फुलाकडे बघायला सवड कुणाला?

अमेरिकन कपाशीचं फूल उमलतं तेव्हा पांढरट-पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. खालून तीन कातरलेली हिरवी पानं त्याला कवटाळून असतात. पात्या लागल्या की आधी दिसतात ती हीच. आता पाकळ्या अलगद बाजूला करा. पुंकेसर सुटे नाहीत. त्यांचे देठ जुळून एकच नळी झालीय, तिच्यावर परागांच्या बारीक पुड्या, आणि मधून स्त्रीकेसर वर निघालेला. जास्वंदीत हीच नळी लांब होऊन फुलाबाहेर डोकावते. भेंडीच्या, अंबाडीच्या फुलातही ती सापडेल. हे सगळं भेंडी कुळ, शास्त्रात मालव्हेसी. भेंडीची तार आणि जास्वंदीच्या पानाचा बुळबुळीतपणा हा या घराण्याचाच गुण. सालीतला चिवट वाखही तसाच. अंबाडीचे दोर त्यातूनच वळले जातात.

काटेसावर आणि गोरखचिंच यांचं कुळ पूर्वी वेगळं मानत. जनुकांचा पुरावा हाती आल्यावर, 1998च्या नव्या वर्गीकरणात, तीही याच गोतात आली.

मग सावरीच्या कापसाचं सूत का निघत नाही? कपाशीचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच लांब पेशी. बोंड फुटलं की ती सुकते, चपटी होते आणि स्वतःभोवती पिळली जाते. पीळ पिळात अडकतो, म्हणून धागा टिकतो. गांधीजी 1936 साली सेवाग्रामला राहायला आले. तिथल्या चरख्यांची सारी भिस्त या पिळावर. सावरीचा तंतू फळाच्या आतल्या भिंतीवर उगवतो. तो पोकळ, गुळगुळीत. कातायला घेतला की निसटतो. त्याची जागा उशीत.

किडींना मात्र कपाशी, भेंडी आणि सावरीचं नातं आपल्याआधी कळलेलं. कपाशीवरचे तांबडे ढेकूण भेंडीवर येतात, सावरीखालीही दिसतात. गुलाबी बोंडअळीलाही कपाशी नसली तर भेंडी चालते. तिला आसरा मिळू नये म्हणून फरदड, म्हणजे वेचणीनंतर राखलेलं जुनंच पीक, घेऊ नका, पऱ्हाट्या वेळेत उपटा, हे तर सांगतातच. पण कपाशीच्या धुऱ्यावर भेंडी लावताना दोनदा विचार करा.