एका बाकावरची ओळख
(पारोळा येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



लेखनवर्ग म्हटला की हस्ताक्षर, शुद्धलेखन आणि परीक्षेतले निबंध एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. तेही हवेच. परंतु आज आम्हांला वेगळाच मुद्दा मांडावयाचा आहे. आपल्या पारोळ्यात आणि आसपासच्या खेड्यांत मुले वर्षानुवर्षे एका वर्गात शिकतात, एका बाकावर बसतात आणि तरीही एकमेकांना ओळखत नाहीत. ओळखतात ते आडनाव. आडनावावरून गल्ली आणि गल्लीवरून जात. शाळा सुटली की जो तो आपापल्या वस्तीत परततो आणि ओळख तिथेच थांबते.

एकत्र बसून केलेले लेखन ही ओळख पुढे नेऊ शकते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य समाजाला खुले व्हावे म्हणून १९४७ साली प्राण पणाला लावून उपोषण करणारे साने गुरुजी, त्यापूर्वी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तेथील छात्रालयातील मुलांसाठी त्यांनी हाताने लिहिलेले दैनिक चालविले. शिक्षक स्वतः लिहितो आणि आपले लिहिणे मुलांपुढे ठेवतो, ही त्यातली मोठी गोष्ट होय.

दुसरे उदाहरण औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली तेथे जे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. ज्यांच्या घरात शिक्षणाचा मागमूस नव्हता अशी खेड्यापाड्यांतील मुले तेथे शिकली, लिहिती झाली. याच शहरातून डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालविले आणि त्याचे लेखक-वाचक मेळावे भरविले. छापलेले वाचणे वेगळे आणि लिहिणाऱ्याच्या समोर बसून ऐकणे वेगळे, हे त्या मेळाव्यांनी दाखविले.

याच वाटेने आम्ही काही मंडळी रविवारी मुलांचा लेखनवर्ग घेतो. रीत साधी आहे. विषय सर्वांना एकच. अर्धा तास लिहायचे, नंतर गोल बसून वाचायचे. वाचताना कोणी हसायचे नाही, चुका काढायच्या नाहीत. ऐकणाऱ्याने एक प्रश्न मात्र जरूर विचारायचा.

एकदा 'माझी दिवाळी' हा विषय दिला. एका मुलाने लिहिले की दिवाळी झाली की आमचे बिऱ्हाड ऊसतोडीला गुजरातेत जाते, मी धाकट्या बहिणीला सांभाळतो आणि परत येतो तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असते. वर्गात तोवर त्याला 'दांडीबहाद्दर' म्हणत. त्या दिवसानंतर ते नाव कोणी घेतले नाही. पुढच्या हंगामात दोघा मुलांनी त्याच्या वह्या आपणहून उतरवून ठेवल्या. आम्ही त्यांना तसे सांगितले नव्हते.

त्याच वर्गात एका बागायतदाराच्या मुलीने लिहिले की कपाशीवर बोंडअळी पडली त्या वर्षी वडील रात्र रात्र ओट्यावर बसून राहत. मोठ्या घरातही काळजी असते, हे इतरांना प्रथमच कळले. एकाने तर 'माझी आई' असे न लिहिता 'मनी माय' असेच लिहिले. सगळे खुदकन हसले खरे. पण मग निघाले असे की बहुतेकांच्या घरात हीच अहिराणी बोलली जाते. वस्त्या वेगळ्या, पण आईला हाक मारण्याची भाषा एकच!

मित्रहो, येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. गरीब किंवा दलित मुलानेच आपले दुःख लिहावे आणि बाकीच्यांनी हळहळावे, असा वर्ग आम्हांला नको आहे. एकाने जखम दाखवायची आणि दुसऱ्यांनी ती पाहायची, याला ओळख म्हणत नाहीत. लिहायचे तर सर्वांनी, शिक्षकांनीसुद्धा. ज्याला वाचावयाचे नसेल त्याला न वाचण्याचा हक्क असला पाहिजे. वर्गात ऐकलेले बाहेर चघळायचे नाही, हाही नियम तितकाच महत्त्वाचा.

लेखनवर्गाने जात जाईल असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. त्यासाठी कायदा हवा, संघटना हवी, संघर्ष हवा. परंतु ज्याचे घर आपण त्याच्याच शब्दांत ऐकले आहे, त्याला नुसत्या आडनावाने ओळखणे पुढे जड जाते. बंधुता हा शब्द संविधानाच्या उद्देशिकेत आहे. तो पाठ करून अंगी येत नाही, त्याला असा सराव लागतो.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे की मुलाला आठवड्यातला एक तास द्या आणि 'यात मार्क किती?' असे विचारू नका. शिक्षक बंधु-भगिनींना विनंती, की लाल शाई थोडा वेळ बाजूला ठेवा. खर्च म्हणाल तर एक वही आणि एक पेन. आणि विद्यार्थी मित्रांनो, आपल्या बाकावर शेजारी कोण बसतो, त्याची सकाळ कशी उजाडते, हे आपणांस ठाऊक आहे काय? नसेल, तर येत्या रविवारी वही घेऊन या. त्यालाही बरोबर आणा.

 जयभीम!