सातवी खुर्ची
(सोलापुरात केलेलं भाषण)

दोस्तांनो, मी मॅट्रिक. गोदीत गोणी उचलतो, कविता करतो. तरी आज गणितावर बोलणार हाय. गणित ही कुणाच्या बापाची इस्टेट नाही.

१७८२ साली ऑयलर नावाच्या थोर गणितीनं लिहून ठेवलं: सहा पलटणींचे, सहा हुद्द्यांचे छत्तीस अंमलदार चौकोनात असे उभे करता येणार नाहीत, की प्रत्येक उभ्या-आडव्या ओळीत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच येईल. सहाला जमत नाही, तर दहा, चौदा, बावीसलाही जमणार नाही, हा त्याचा तर्क. सहाचं खरं निघालं. बाकीचं पुराव्यावाचून १७७ वर्षं टिकलं. थोराचा शब्द! अशा शब्दांखाली आपल्या तर पिढ्या गाडल्या गेल्या.

१९५९ साली बोस, पार्कर आणि शरच्चंद्र श्रीखंडे यांनी तो शब्द मोडला. बोस-श्रीखंडेंनी बावीसचा चौकोन मांडला, पार्करनं दहाचा. श्रीखंडे नागपुरात शिकले, १९५० साली नॉर्थ कॅरोलिनात डॉक्टर झाले, १९६३ ते १९७८ मुंबई विद्यापीठात प्रोफेसर होते. २०२० साली वारले, १०२ वर्षांचे होऊन.

माणूस मोठा. आपलं भांडण त्यांच्याशी नाही, खुर्चीशी हाय. संशोधनाला डोकं लागतं, तसा पगार, लायब्ररी, मोकळा वेळपण लागतो. ते खुर्चीसोबत येतं.

आता खुर्चीचा हिशेब ऐका. अनुसूचित जातींना १५ टक्के. शंभराला पंधरानं भागा, सहाच्या वर जातं. म्हंजे आपली पहिली जागा सातवी. ५ मार्च २०१८ ला विद्यापीठ अनुदान आयोगानं कळवलं: आरक्षण अख्ख्या विद्यापीठावर नाही, एकेका विभागावर मोजा. दहा विभाग धरा, प्रत्येकी सहा जागा. एकत्र मोजल्या तर साठात नऊ आपल्या. तुकडे पाडले, की शून्य! सातवी भरती निघेस्तोवर पोरगं म्हातारं.

हा कुठला अडाणीपणा नाही, हा भागाकार हाय. शिकलेल्यांनी केलेला.

५ मार्च २०१९ ला भारत बंद झाला. ७ मार्चला वटहुकूम निघाला, त्याच वर्षी कायदा झाला: केंद्राच्या विद्यापीठांत मोजणी पुन्हा अख्ख्या विद्यापीठावर. रस्त्यावरच्या माणसांनी हे उदाहरण सोडवलं. पण जागा कागदावर आली म्हंजे भरली असं नाही. जाहिरात वाचा, रोस्टर मागा, बोटं घालून मोजा.

ऑयलरचा शब्द शिव्या देऊन मोडला नाही. चौकोन मांडून दाखवला, तवा मोडला. पोरापोरींनो, गणित सोडू नका. मोजता येत नाही त्याला कुणीपण शून्य वाटा देतो, आणि वर सही घेतो.

जय भीम!