राष्ट्रीय डिझाइन धोरण आणि यवतमाळचा फवारणी पंप



‘डिझाइन’ हा शब्द उच्चारला की साडीची नक्षी, दागिन्याचा घाट किंवा दुकानाची सजावट डोळ्यांपुढे येते. हा अर्थ खोटा नाही, पण अपुरा आहे. वस्तू कोण वापरणार, कोठे वापरणार, त्याच्या शरीराला किती श्रम पडणार, ती किती वर्षे टिकणार, याचा वस्तू घडविण्यापूर्वीच केलेला विचार म्हणजे डिझाइन. म्हणूनच तो शासनाच्या धोरणाचाही विषय ठरतो.

अशा विचाराचा एक जुना नमुना कापसाशीच निगडित आहे. महात्मा गांधींच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्याच्या अटी मननीय आहेत. चरखा हलका असावा, खेड्यातील साध्या घरात चालावा. स्त्रीला तो फारसा शीण न होता ८ तास चालविता यावा. तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे. किंमत १५० रुपयांच्या आत असावी आणि आयुष्य २० वर्षांचे असावे. ते पारितोषिक कोणालाही मिळाले नाही. परंतु वापरणाऱ्या माणसापासून आरंभ करणारी ही अटींची यादी आजही धोरणकर्त्यांना मार्गदर्शक ठरावी.

जगातील अनेक शासनांनी या विषयात पुढाकार घेतला. ब्रिटनने १९४४ मध्ये, महायुद्ध चालू असतानाच, औद्योगिक डिझाइन परिषद स्थापिली. जपानने १९५७ मध्ये उत्तम डिझाइनसाठी मानचिन्ह सुरू केले. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये अहवाल सादर केला. साध्या लोट्याच्या घडणीत त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण दिसले. त्यानंतर १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि १९६९ मध्ये मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक डिझाइन केंद्र उभे राहिले. ८ फेब्रुवारी २००७ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय डिझाइन धोरण संमत केले. त्यातून २००९ मध्ये भारतीय डिझाइन परिषद आली, २०१२ मध्ये डिझाइनचे मानचिन्ह आले, नव्या संस्थाही निघाल्या.

हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु धोरणाची खरी कसोटी शेताच्या बांधावर लागते, आणि ती यवतमाळ जिल्ह्याने २०१७ च्या खरीप हंगामात पाहिली. कपाशीवर कीटकनाशक फवारताना झालेल्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. औषधांची घातक मिश्रणे, त्या वर्षी उंच व दाट वाढलेली कपाशी, वेगाने फवारा सोडणारे बॅटरीचे पंप आणि संरक्षक साधनांचा अभाव ही कारणे चर्चेत आली. यांतील बहुतेक कारणे डिझाइनशी जोडलेली आहेत. सुमारे १६ लिटर पाण्याचा पंप पाठीवर घेऊन, दमट उकाड्यात, डोक्याइतक्या पिकातून चालणाऱ्या मजुराला जाड रबरी पोशाख सहन होत नाही; तो काढून ठेवतो. त्याला बेफिकीर म्हणणे सोपे आहे. त्याला घालता येईल असा पोशाख घडविणे हे डिझाइनचे काम आहे. डब्यावरील सूचना त्याच्या भाषेत, ठसठशीत अक्षरांत व चित्रांत असणे हेही डिझाइनच.

मग शासनाने काय करावे? पहिली गोष्ट, ज्या अवजारांवर सरकारी अनुदान मिळते, त्यांना चरखा संघासारख्या स्पष्ट अटी लावाव्यात : वजन, गळती, उष्णता, दुरुस्ती आणि किंमत. दुसरी, अवजाराची परीक्षा प्रयोगशाळेबरोबरच कापसाच्या शेतात, मजुरांच्या हातून, ऐन हंगामात व्हावी. तिसरी, गावोगावच्या लहान कारखानदारांना डिझाइनकाराचा सल्ला परवडेल अशा खर्चात मिळावा. लघुउद्योगांसाठी २०१० मध्ये डिझाइन क्लिनिक योजना निघाली होती. तिचे मर्म तालुक्यापर्यंत पोहोचायला हवे. चौथी, अपघात झाल्यास त्याची नोंद पोलीस आणि रुग्णालयापाशी न थांबता ती वस्तू घडविणाऱ्यापर्यंत जावी.

यासाठी लागणारे ज्ञान दूर शोधावे लागत नाही. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि वर्ध्याची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था ही तिन्ही विदर्भातच आहेत. त्यांना डिझाइन संस्थांशी जोडणे हे धोरणाचे काम. पंप व औषधे विकणारा कृषी सेवा केंद्राचा चालक ग्राहकाची अडचण सर्वांआधी ऐकतो. त्याचे म्हणणे धोरणात येण्याची वाट तयार करणे हेही शासनाचेच कर्तव्य.

राष्ट्रीय धोरण दिल्लीत लिहिले जाते. मात्र पाठीवर पंप घेऊन गेलेला मजूर संध्याकाळी सुखरूप घरी परतला, तरच ते यवतमाळपर्यंत पोहोचले असे म्हणता येईल.